पैसे दुबईचे, माणूस नेपाळचा, कारखाना डिचोलीचा

१५ जुलैला रात्री साडेदहाला रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफएलए नावाचं वार्षिक विवरणपत्र भरलं, पोचपावतीचा ईमेल आला आणि मी लॅपटॉप मिटला. दादा दारातूनच म्हणाला, "आता तरी संपलं ना?" संपलं, निदान या वर्षापुरतं.

अठ्ठेचाळीस लाखांची परदेशी गुंतवणूक, बस्स. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वकिलांची फौज असते. आमच्याकडे म्हापशाचे एक सीए, गरजेपुरत्या येणाऱ्या एक कंपनी सेक्रेटरी आणि घरचा प्रिंटर. ही गुंतवणूक सरकारी परवानगी काढून आणण्यात मी दोन वर्षं चाचपडले. माझ्यासारखं कुणी अडकलं असेल तर त्याचे चार हेलपाटे वाचावेत म्हणून लिहिते आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे हे जुलै २०२२ च्या शेवटी लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवूनच वाचा.

आमची काजूची फॅक्टरी गोव्यात, डिचोलीत. बाबांचे मुळात दोन ट्रक खाणीवर होते आणि काजू हा बाजूचा धंदा. २००० नंतरच्या दशकात लाल धूळ उडवत आमच्या दारावरून जे ट्रक जायचे, त्यातलं बहुतेक खनिज चीनला जायचं. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक उभे राहिले आणि बाजूचा धंदा मुख्य झाला. चीनचा उल्लेख उगाच केलेला नाही, तो पुढे पुन्हा येणार आहे.

काजूचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बी उकडायची, कापायची, गर बोर्म्यात सुकवायचा, साल काढायची. मग लांब टेबलाशी बसून बायका गर वेगळे करतात. १८०, २४०, ३२०, पाकळी, तुकडा. ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव चढा. आमच्याकडच्या शेवंतामावशी गर नुसता तळहातावर घेऊन २४० की ३२० ते सांगतात. पण मावशींची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही आणि नव्या मुली या कामाला येत नाहीत. आम्हाला रंग आणि आकार बघून गर वेगळे करणारं मशीन हवं होतं, कलर सॉर्टर. सोबत व्हॅक्यूम पॅकिंगही.

आणि दाजू. नेपाळीत दाजू म्हणजे मोठा भाऊ. कळंगुटच्या एका हॉटेलात तो चौदा वर्षं आचारी होता आणि बाबांकडून काजू न्यायचा. २०११ मध्ये दुबईला गेला, तिथे सुक्या मेव्याचा घाऊक धंदा उभा केला आणि आमचाच माल मागवू लागला. बाबा गेले तेव्हा विमान पकडून बाराव्याला आला होता. डिसेंबर २०१९ मध्ये तो म्हणाला, "दिदी, बँक का कर्ज क्यों लेती हो? मुझे हिस्सा दो." अठ्ठेचाळीस लाख आणि अठरा टक्के, असं ठरलं.

तेव्हा हे सोपं वाटलं होतं, आणि सोपं होतंही. काजूवर प्रक्रिया हे उत्पादन. त्यात शंभर टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटने येऊ शकते, म्हणजे आधी परवानगी लागत नाही. पैसे आणा, शेअर द्या, नंतर रिझर्व्ह बँकेला कळवा. फेब्रुवारीत कंपनीचं मूल्यांकन करून घेतलं, त्याचे चाळीस हजार गेले. दाजू म्हणाला, शुभ दिवशी पैसे पाठवतो. आईने पंचांग काढलं: गुढीपाडवा, २५ मार्च २०२०.

त्या दिवशी देश बंद झाला. दुबईतला त्याचा धंदाही थंडावला. "थोडं थांबू," एवढंच बोलणं झालं. घाई कसली होती?

१८ एप्रिलला, शनिवारी सकाळी, सीएंनी व्हॉट्सॲपवर दोन पानांची पीडीएफ पाठवली आणि खाली कोकणीत लिहिलं, "बाय, रावचें पडटलें." थांबावं लागणार. आदल्या दिवशी केंद्र सरकारने 'प्रेस नोट ३' काढली होती. भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशातून येणारी, किंवा जिचा खरा लाभार्थी मालक अशा देशात राहतो वा तिथला नागरिक आहे अशी कुठलीही गुंतवणूक आता सरकारी परवानगीशिवाय चालणार नव्हती. २२ एप्रिलला फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बदल झाला आणि ते पक्कं झालं. त्याआधी ही अट बांगलादेश आणि पाकिस्तानपुरती होती.

नोटीत चीनचं नाव कुठेही नाही. पण रोख कुणावर आहे हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. त्याच महिन्यात बातमी आली होती की चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीतला हिस्सा एक टक्क्याच्या वर गेला आहे. महामारीत शेअर पडलेले असताना कुणी येऊन आपल्या कंपन्या स्वस्तात घशात घालू नयेत, हा उद्देश नोटीतच लिहिलेला होता. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण नियम देशांच्या नावांनी नाही, नकाशावरून लिहिला होता. आणि नकाशावर चीनच्या रांगेत नेपाळही येतो. भूतान, म्यानमार, अफगाणिस्तानही.

मी सीएंना फोन केला. "पण पैसे तर दुबईहून येणार. आणि अमिरातीची सीमा काही आपल्याला लागत नाही."

"पैसे कुठून येतात ते बघत नाहीत गं. ज्याचे आहेत त्याचा पासपोर्ट बघतात."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. इतकी वर्षं 'मॉरिशसहून गुंतवणूक आली' अशा बातम्या वाचून मला वाटायचं की पैशाला देश असतो तो बँकेचा. मॉरिशस यादीत वर असायचं ते करविषयक करारामुळे, त्या बेटावरचे लोक फार श्रीमंत म्हणून नव्हे; २०१६ मध्ये तो करार बदलला. पण प्रेस नोट ३ ला वाटेतलं बेट दिसतच नाही, ती सरळ टोकाच्या माणसापर्यंत जाते.

मी म्हटलं, नेपाळशी तर आपला १९५० चा मैत्री करार आहे. नेपाळी माणूस इथे येऊन राहतो, घर घेतो, दुकान घालतो, त्याला व्हिसाही लागत नाही. सीए म्हणाले, ते सगळं खरं, पण तो करार इथे राहणाऱ्या माणसाबद्दलचा आहे. दाजू कळंगुटलाच राहिला असता आणि इथल्या कमाईतून शेअर घेतले असते, तर ती परदेशी गुंतवणूकच झाली नसती. तो दुबईला गेला, तिथे परदेशी झाला. आणि नेपाळी होताच.

हे दाजूला फोनवर समजावून सांगणं या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गोवा में चौदा साल किसी ने नहीं पूछा मैं कहाँ का हूँ."

पुढचे दोन महिने आम्ही अर्ज केलाच नाही. वाट बघत होतो की नेपाळ-भूतानला यातून वगळणारी एखादी दुरुस्ती येईल. आली नाही, उलट बातम्याच बिघडत गेल्या. ८ मेला लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. २० मेला नेपाळने लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला. जूनमध्ये गलवान झालं, आपले वीस जवान गेले. त्याच आठवड्यात नेपाळने तो नकाशा घटनेत घालून घेतला. आता कोण कुणाला वगळतो!

याच सुमारास तळेगावची बातमी वाचली होती. जनरल मोटर्सचा कारखाना घेऊ पाहणाऱ्या चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने महाराष्ट्र सरकारशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला तो १५ जूनला. गलवानची रात्र तीच. त्या व्यवहाराला परवानगी शेवटपर्यंत आलीच नाही आणि जुलै २०२२ च्या सुरुवातीला तो मोडल्याची बातमी आली. त्यांच्या कोट्यवधींपुढे आमचे अठ्ठेचाळीस लाख म्हणजे चिल्लर. पण रांग एकच.

सल्ले देणारे मात्र भरपूर भेटले. कुणी म्हणालं, दुबईत कंपनी काढून तिच्या नावाने आणा. चालत नाही, कंपनीमागचा माणूस तोच. कुणी म्हणालं, इथल्या ओळखीच्या कुणाच्या नावावर शेअर ठेवा, कागद आपापसात करा. हे अजिबात करू नका. फेमाचं उल्लंघन सिद्ध झालं तर दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि ज्याच्या नावावर ठेवले तो उद्या फिरला तर तक्रार कुठे करणार? दादा जरा डळमळला होता, खोटं कशाला सांगू. वहिनीने एका वाक्यात विषय संपवला: "बाबांच्या फॅक्टरीत बेनामी नको."

जुलैपासून कागद गोळा करायला लागलो. अर्ज परदेशी गुंतवणुकीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा. त्याला सरकारी शुल्क नाही, खर्च होतो तो कागदांवर. कंपनीची घटनापत्रं, तीन वर्षांचे ताळेबंद, शेअरधारकांची यादी आधीची आणि नंतरची, भागीदारी कराराचा मसुदा, गुंतवणूकदाराचे कागद, आणि गृह मंत्रालयाच्या सुरक्षा मंजुरीचा तक्ता. कागदाची सही डिजिटल असेल तर टपालाने काही पाठवावं लागत नाही, म्हणून डिजिटल सही आधी करून घ्या आणि तिची मुदत संपत तर आली नाही ना ते बघा. आमची ऐन वेळी संपली आणि चार दिवस गेले.

त्या तक्त्यावर जरा थांबते. प्रत्येक संचालक आणि मोठ्या शेअरधारकाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, पासपोर्ट, राष्ट्रीयत्व. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी तो भरला. राष्ट्रीयत्वाचा रकाना वरून खाली असा झाला: आई, भारतीय. दादा, भारतीय. मी, भारतीय. चुलतभाऊ, पोर्तुगीज. दाजू, नेपाळी.

चुलतभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याचे वडील पोर्तुगीज अमलात जन्मलेले, त्या आधारावर त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला, गोव्यात हे घरोघरी आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्डही आहे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते. २०१९ मध्ये त्याने आमच्या कंपनीत सहा लाख घातले होते. ओसीआय माणसाने पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर घातले तर कायदा ती गुंतवणूक देशातलीच धरतो. तीन आठवड्यांत सगळं झालं होतं, कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

आई शेजारी बसून मटारच्या शेंगा सोलत होती. तिने रकाना वाचला आणि म्हणाली, "म्हणजे पाखल्यांचा पासपोर्टवाला घरचा, आणि आपल्या घरी जेवून गेलेला परका?" पाखले म्हणजे पोर्तुगीज. मी हसले, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्या पोर्तुगालशी भारताने १९५५ मध्ये राजनैतिक संबंध तोडले, ज्याच्याकडून १९६१ मध्ये सैन्य पाठवून गोवा घेतला, ज्याने तो भारताचा भाग म्हणून मान्य करायला १९७४ चा डिसेंबर उजाडू दिला, त्याच्या नागरिकाला आज दार उघडं. उघड्या सीमेच्या शेजाऱ्याला मात्र बेल वाजवून बाहेर थांबायचं.

मग आईनेच आजीच्या पाटल्यांची गोष्ट पुन्हा काढली. आजीने पाटल्या बँको नासियोनाल उल्त्रामारिनोत गहाण ठेवल्या होत्या. गोवा मुक्त होण्याआधी बँकेने लोकांचं गहाणाचं सोनं लिस्बनला हलवलं. ते परत आलं १९९१ मध्ये. तीस वर्षं! आजी त्याआधीच गेली. दोन सरकारांचं बोलणं बंद पडलं की त्याचा हिशेब कुणाच्या हातातल्या पाटल्यांपर्यंत येतो, हे आमच्या घराला नवीन नाही. त्या हिशेबाने दाजूचे पैसे लवकरच आले म्हणायचे.

७ सप्टेंबर २०२०ला अर्ज दाखल झाला. तो आधी उद्योग संवर्धन विभागाकडे जातो, तिथून विषयाप्रमाणे एका मंत्रालयाकडे, आणि तिथून मतासाठी गृह, परराष्ट्र आणि रिझर्व्ह बँकेकडे. कागदावर हे सगळं अडीच-तीन महिन्यांत व्हायचं असतं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दिवाळीनंतरच्या एका तारखेला गोल केला होता. तो गोल बघून पुढे वर्षभर हसू यायचं.

पहिली शंका ऑक्टोबरमध्ये आली आणि ती वाचून मी कपाळावर हात मारला. दाजूचं नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र देवनागरीत आहे. मला, आईला, कुणालाही वाचता येतं. पण जोडायला इंग्रजी भाषांतर लागतं, नोटरी केलेलं. प्रमाणपत्रावर जन्मसाल २०३६, महिना कार्तिक, म्हणजे विक्रम संवत. पासपोर्टवर ऑक्टोबर १९७९ मधली तारीख. भाषांतरकाराने संवताचं इसवी सन करताना एक दिवस पुढे मोजला. एका माणसाच्या दोन जन्मतारखा झाल्या! खुलासा, नवं भाषांतर, दाजूचं प्रतिज्ञापत्र, आणि ते दुबईतल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घेणं. एका देशाचा शिक्का दुसऱ्याने थेट मानावा असा अपोस्टिल नावाचा करार आहे, अमिराती आणि नेपाळ हे दोन्ही देश त्यात नाहीत, त्यामुळे एका शिक्क्यात काम होत नाही. वकिलातीची वेळ मिळायलाच तीन आठवडे. भाषांतर, साक्षांकन, कुरिअर मिळून साडेचौदा हजार. नेपाळी कागद जोडणार असाल तर तारखा आधी स्वतः पासपोर्टशी ताडून बघा, आणि भाषांतरात संवत आणि इसवी सन दोन्ही लिहायला सांगा.

दुसरी शंका जानेवारी २०२१ मध्ये. त्यात दोन प्रश्न होते. एक: कंपनीच्या मालकीची काजूची बाग आहे का? मला वाटलं, असली तर चांगलंच ना. नाही! परदेशी गुंतवणुकीला मळ्यांमध्ये परवानगी आहे ती चहा, कॉफी, रबर, वेलची, पामतेल आणि ऑलिव्ह यांच्याच. काजूचं नाव यादीत नाही. आमची बाग सत्तरीत आहे, पण ती आई आणि दादाच्या नावावर, कंपनीच्या नाही. २०१६ मध्ये कंपनी काढताना बाबा म्हणाले होते, "जमीन कागदात घालू नका." त्यांना परदेशी गुंतवणुकीचं काही ठाऊक नव्हतं, पण त्या एका हट्टाने अर्ज वाचला. जमिनीचे एक-चौदाचे उतारे जोडले.

दोन: पैशाचा स्रोत काय, आणि नेपाळच्या कायद्याचं काय? नेपाळमध्ये नागरिकांना परदेशात गुंतवणूक करायला मनाई करणारा कायदा आहे. दाजूने काठमांडूच्या एका वकिलाला विचारलं, त्याने कायद्याचं साल सांगितलं २०२१. आम्ही घाबरलो, म्हणजे याच वर्षी नवा कायदा आला की काय? दोन दिवस त्याच्या बातम्या शोधत होतो. मग ट्यूब पेटली. तोही विक्रम संवतच, म्हणजे १९६४. दाजूची कमाई दुबईतली, पैसे तिथल्याच बँकेत, नेपाळमधून एक रुपया निघत नाही, हे तीन वर्षांच्या बँक उताऱ्यांसह लिहून दिलं. उताऱ्यांतल्या मोठ्या रकमांपुढे त्या कुठून आल्या ते दाजूने स्वतः पेनने लिहिलं होतं. ते उपयोगी पडलं असं मला वाटतं, कारण त्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

त्यानंतर शांतता. पोर्टलवर 'प्रक्रियेत' हा एकच शब्द, फेब्रुवारी ते नोव्हेंबर. एप्रिल-मेमध्ये गोव्यात दुसऱ्या लाटेने जे केलं त्यात कुणाला पोर्टल उघडायचं भान नव्हतं. आमच्या टेबलावरच्या एक मावशी त्यात गेल्या. जुलैत मी पुन्हा ईमेल करायला लागले, दर सहा आठवड्यांनी एक. चार ओळी, अर्ज क्रमांक विषयात, तक्रारीचा सूर नाही. उत्तर दोनदाच आलं, पण आलं. दिल्लीला जाऊन भेटू का, असं दादा दोनदा म्हणाला. सीएंनी नको म्हटलं. ज्या टेबलावर फाईल अडली आहे ते टेबल भेटीचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

या काळात मशीनची किंमत एकतीस लाखांवरून छत्तीसवर गेली. माल बांधायला पैसे कमी पडले तेव्हा बँकेचं पंधरा लाखांचं खेळतं भांडवल उचललं, त्याचं व्याज अजून भरतो आहोत. हा खर्च कुठल्याही तक्त्यात येत नाही, पण अर्ज करणाऱ्याने तो धरून चालावा. आणि दाजू. तो कधी चिडला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटायचं. एकदा एवढंच म्हणाला, "दिदी, मेरा नाम हटा दो तो काम जल्दी होगा क्या?"

१४ डिसेंबर २०२१, मंगळवार, दुपारी चार. मी बोर्म्याजवळ उभी होते, फोन थरथरला. दोन पानांचं पत्र: मंजुरी. कोण, किती रक्कम, किती टक्के, सगळं नेमकं. आणि एक अट ठळक: यात काहीही बदल करायचा तर पुन्हा आधी परवानगी. मी पत्र दोनदा वाचलं आणि आत जाऊन शेवंतामावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मशीन येतलं?" गर निवडायचं काम काही थांबलं नाही.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत, हे पुढच्या तीन महिन्यांत कळलं. मूल्यांकन पुन्हा करावं लागलं, कारण सीए म्हणाले नव्वद दिवसांहून जुनं चालत नाही. दुसरे चाळीस हजार. (पहिलं मूल्यांकन २०२० मध्ये घाईने करून घेतलं ते फुकट गेलं, परवानगी लागणार असेल तर अर्जापुरता अंदाज द्या, पक्कं मूल्यांकन शेवटी.) २४ जानेवारीला पैसे आले. ते वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि शेअर वाटपाचा फॉर्म कंपनी निबंधकांकडे भरेपर्यंत हात लावायचा नाही. साठ दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पैसे परत. आम्ही ११ फेब्रुवारीला बोर्डाच्या बैठकीत वाटप केलं, पंधरा दिवसांच्या आत निबंधकांचा फॉर्म भरला. वाटपापासून तीस दिवसांत एफसी-जीपीआर नावाचा फॉर्म बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे.

आणि इथे, अगदी काठावर येऊन, गाडी घसरली. फॉर्म नाकारला गेला. कारण: बँकेने दिलेल्या पावतीत पैशाचा उद्देश 'निर्यातीचे पैसे' असा होता. दाजू आमचा गिऱ्हाईकही आहे, त्याच्या खात्यातून वर्षानुवर्षं काजूचे पैसे येतात. बँकेतल्या कुणीतरी सवयीने तोच कोड टाकला. सव्वा वर्ष दिल्लीत ज्या पैशाचं कुळ-मूळ तपासलं गेलं, तो डिचोलीत येऊन काजूचं बिल झाला होता. कोड बदलून मिळवायला मी शाखेत पाच फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला मंजुरीचं पत्र, दाजूच्या बँकेला पाठवलेली सूचना आणि बोर्डाचा ठराव अशी एकत्र फाईलच नेऊन मॅनेजरसाहेबांच्या समोर ठेवली. ८ मार्चला दुरुस्त फॉर्म गेला, मुदतीला पाच दिवस राहिले असताना. २२ मार्चला मंजूर. पैसे यायच्या आदल्या दिवशी बँकेला लेखी कळवा की ही रक्कम शेअरसाठी आहे, आणि पाठवणाऱ्यालाही त्याच्या बाजूने तेच लिहायला सांगा. विशेषतः तुमचा गुंतवणूकदार तुमचा गिऱ्हाईकही असेल तर.

एकूण खर्च सांगते, लोक विचारतात: मूल्यांकनाचे ऐंशी हजार, सीए आणि कंपनी सेक्रेटरी मिळून एक लाख तीस हजार, कागदपत्रं आणि साक्षांकन सुमारे तेवीस हजार, डिजिटल सह्या वगैरे किरकोळ. लाच कुठेही दिली नाही, कुणी मागितलीही नाही.

२ एप्रिलला, पाडव्याला, मशीनची ऑर्डर दिली. पंचांग यावेळी आईने उघडलं नाही.

मशीन मे अखेरीस आलं आणि जूनमध्ये दाजू बघायला आला. दाबोळीला मी घ्यायला गेले होते. तो हिरवा पासपोर्ट हातात घेऊन बाहेर आला तेव्हा विमान उतरून अर्धा तासही झाला नव्हता. व्हिसाचा प्रश्नच नाही, कसले फॉर्म नाहीत. "कुछ पूछा?" मी विचारलं. "पूछा. कितने दिन रहोगे. मैंने कहा घर आया हूँ."

फॅक्टरीत त्याने मशीनमधून पडणारे गर मूठभर उचलले, तळहातावर पसरले आणि शेवंतामावशींसमोर धरले. मावशींनी त्यातला एक उचलून बाजूला ठेवला. मशीनने तो २४० मध्ये टाकला होता, मावशींच्या मते तो ३२०.

संध्याकाळी चहा पिताना दाजू म्हणाला, त्याची बहीण काठमांडूला असते, तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी आपल्या अठरातले तीन टक्के तिच्या नावावर करावेत असं मनात आहे. दादाने माझ्याकडे बघितलं. मी उठले, कपाटातून हिरव्या कव्हरची फाईल काढली आणि मंजुरीच्या पत्राचं दुसरं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं, फाईल मिटली आणि म्हणाला, "चाय और है क्या, दिदी?"